फ्रेमवाल्याचं टेबल: सोनं, काच, कागद आणि भुसा

चित्रांवर बोलणारे पुष्कळ असतात, चित्रकारांवर बोलणारे त्याहून जास्त. चित्राच्या चौकटीबद्दल कोणी क्वचित बोलतं. आणि ती चौकट ज्या टेबलावर तयार होते, त्या टेबलाबद्दल तर कोणीच बोलत नाही. आजचा भाग त्या टेबलाचा.

प्रश्न अगदी साधा आहे. समजा, कोणाला फ्रेमिंगचं दुकान काढायचंय. गाळा लहान, दहा बाय बाराचा. त्यात टेबल कसलं ठेवायचं? एकच मोठं की दोन लहान? उभं राहून काम करायचं की बसून? वर सनमायका की नमदा? तुम्ही म्हणाल, हा प्रश्न सुताराला विचारा, इतिहासाच्या कार्यक्रमात कशाला? पण या प्रश्नाच्या उत्तरामागे सहाशे वर्षांचा हिशेब आहे. आणि तो चुकला तर नुकसान फ्रेमवाल्याचं होत नाही. आजोबांचा जो एकुलता एक फोटो आपण त्याच्याकडे विश्वासाने देतो, त्याचं होतं. म्हणून जरा मुळापासून बघू.

चौकट आधी, चित्र नंतर

सुरुवात इटलीतल्या मिलान शहरातून. साल १४८०. तिथल्या एका धार्मिक मंडळाला आपल्या चर्चसाठी मोठी वेदी सजवायची होती. त्यांनी आधी कोणाला बोलावलं? चित्रकाराला नाही. जाकोमो देल माइनो नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला. त्याने कोरीव लाकडी चौकट करायची, असं ठरलं. चित्रकारांशी करार झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १४८३ मध्ये. त्या चित्रकारांपैकी एकाचं नाव लिओनार्दो दा विंची. आणि ते चित्र म्हणजे आज 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स' म्हणून जगप्रसिद्ध असलेलं चित्र.

आता गंमत बघा. त्या करारात लिओनार्दोच्या जोडीला दे प्रेदिस नावाचे दोन भाऊ होते. नुसतं चित्र काढून भागणार नव्हतं. ती कोरीव चौकट रंगवून, तिच्यावर सोनं चढवून द्यायचं कामही त्याच करारात होतं. पुढे पैशांवरून वाद झाला आणि तो वीसेक वर्षं चालला. चित्रकारांचं म्हणणं काय होतं? ठरलेले ८०० लिरा तर चौकटीच्या कामातच संपले, चित्राचे वेगळे द्या. म्हणजे आज ज्या चित्रापुढे रांगा लागतात, ते त्या वेळच्या हिशेबात चौकटीच्या मागे उभं होतं.

हे सांगायचं कारण असं, की चौकट ही त्या काळी 'नंतर लावायची वस्तू' नव्हती. ते मोठं काम होतं आणि त्यात तीन वेगवेगळे हात लागायचे. लाकूड जोडणारा, कोरणारा आणि सोनं चढवणारा. हे तिघं एका टेबलावर का बसत नसत, ते समजून घ्यायला सोनं चढवण्याची रीत बघावी लागेल.

सोन्याला वारा चालत नाही

इटलीतच, साधारण १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने कारागिरीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात सोनं चढवायची रीत बारकाईने सांगितली आहे. लाकडावर आधी सरस. त्यावर सरसात कालवलेल्या पांढऱ्या मातीसारख्या लेपाचे, म्हणजे गेसोचे, अनेक थर. ते घासून गुळगुळीत करायचे. मग तांबूस चिकणमातीचा मऊ थर, त्यावर ओल आणि त्या ओलीवर सोन्याचा वर्ख. शेवटी गुळगुळीत दगडाने किंवा प्राण्याच्या दाताने घोटायचं, म्हणजे चकाकी येते.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिलाच असेल. बोटाने उचलायला गेलं तर बोटालाच चिकटतो, श्वास लागला तर उडतो. सोन्याचा वर्ख तसाच. त्या कामाच्या जागी दार उघडं टाकून चालत नाही. आणि शेजारी कोणी रंधा मारत असेल तर विचारूच नका. भुशाचा एक कण ओल्या मातीवर बसला की वर्खाखाली फोड दिसणार आणि घोटताना तिथेच ओरखडा उठणार.

चेन्निनी म्हणतो, हवा जराशी दमट असेल तेव्हा हे काम काढा. फळा दोन घोड्यांवर आडवा ठेवा. घोडे म्हणजे आपले मांडव घालणारे किंवा रंगारी वापरतात ते लाकडी घोडे. आणि मग पिसांनी तो नीट झाडून घ्या. इतकी साधी सूचना. पण टेबलाच्या दृष्टीने तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, सोन्याचं काम सुताराच्या जड बाकावर होत नाही, त्याला वेगळी आणि स्वच्छ जागा लागते. दोन, ती जागा कायमची असलीच पाहिजे असं नाही. घोडे मांडले की जागा झाली, उचलले की मोकळी. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात ती फार उपयोगी पडणार आहे.

सोन्याचं काम आपल्याकडेही होतं. तंजावरला, जिथे भोसल्यांचं मराठी राज्य होतं, तिथे लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर लेप देऊन, उठाव करून, सोन्याचा पत्रा आणि काचेचे खडे बसवून देवादिकांची चित्रं होत आणि भक्कम लाकडी चौकटीत बसत. साहित्य निराळं, पण ओला लेप आणि सोनं एकत्र आलं की धुळीशी वैर तेच.

युरोपात पुढे हे काम व्यवसायांत वाटलं गेलं. पॅरिसमध्ये चौकट जोडणारा सुतार, कोरणारा आणि मुलामा देणारा हे वेगवेगळे कारागीर. ज्याचा धंदा त्याचं दुकान आणि ज्याचं दुकान त्याचं टेबल. धूळ आणि सोनं वेगळं ठेवायची वेगळी काळजी घ्यावीच लागत नसे, कारण मध्ये रस्ता होता. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९१ साली, कारागीर-संघांची ही बंधनं कायद्याने मोडली.

लंडनमध्ये तोवर 'कार्व्हर अँड गिल्डर' अशी पाटी लावणारी दुकानं चालू होती. म्हणजे कोरणारा आणि मुलामा देणारा एकाच छपराखाली. १८व्या शतकाच्या शेवटाला तिथे कोरीव कामाला एक स्वस्त पर्याय रुळला. खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचं तेल यांचा गोळा करायचा, लाकडी साच्यात दाबायचा आणि निघालेली नक्षी वाफेवर मऊ करून चौकटीवर चिकटवायची. कोरणाऱ्याचे महिने वाचले. तेव्हा चौकट स्वस्त झाली, तिचे कारागीर कमी झाले आणि सगळी कामं एका छपराखाली, हळूहळू एका टेबलावर आली. आपल्या ओळखीचं 'फ्रेमिंगचं दुकान' याच वाटेने घडलं.

काच आली

आता काचेकडे वळू. आज फ्रेम म्हटलं की काच आलीच. पण तैलचित्रावर काच लावायची गरज नसते, वॉर्निश पुरतं. काच लागते ती कागदाला. आणि मोठी, सपाट, पारदर्शक काच पुष्कळ काळ महाग होती. ब्रिटनमध्ये तर १७४६ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ साली उठला. सहाच वर्षांनी, १८५१ मध्ये, लंडनला 'क्रिस्टल पॅलेस' ही प्रदर्शनाची अवाढव्य इमारत काचेतच उभी राहिली. काच किती आवाक्यात आली, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

त्याच सुमाराला फोटोग्राफी आली आणि रंगीत शिळाछापाचं तंत्र आलं. म्हणजे तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. भिंतीवर लावण्याजोगा स्वस्त कागद, तो झाकायला स्वस्त काच आणि धरायला स्वस्त पट्टी. हा मेळ मुंबईतही लगेच पोचला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. आणि पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. तिथून देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रं घराघरांत जाऊ लागली.

मग राजा रविवर्मा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पौराणिक विषयांवरची १४ चित्रं केली होती. ती पाहायला लोटलेली गर्दी बघता, ही चित्रं छापून स्वस्तात द्यावीत हा विचार पुढे आला. १८९४ साली रविवर्मांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला, जर्मन तंत्रज्ञ आणि यंत्रं घेऊन. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती. ज्या घरात कधी चित्र नव्हतं, त्या घरात चित्र आलं.

पण मंडळी, छापखाना कागद देतो, तसबीर देत नाही. पुढचं काम फ्रेमवाल्याचं. चित्रांची मापं ठरावीक, त्यामुळे काच आणि पट्टी आधीच कापून ठेवता येऊ लागली. रविवर्मांबद्दल आपण इतकं बोलतो, पण त्यांची लक्ष्मी भिंतीवर टांगली गेली ती शहरोशहरीच्या कोणा अनाम फ्रेमवाल्यामुळे. त्याचं नाव कुठे नाही.

या काळात एक सुंदर प्रकार झाला. लोक या छापील चित्रांना जरीचे तुकडे, टिकल्या, खरं कापड चिकटवून सजवू लागले. देवीला खरीखुरी साडी! फ्रेमवाल्याच्या दृष्टीने ही मोठी पंचाईत. टिकली काचेला टेकून चालत नाही, म्हणजे काच आणि चित्र यांच्यामध्ये पोकळी हवी. त्यासाठी आत बारीक पट्ट्या लावाव्या लागतात. ज्यांनी त्या लावल्या, त्यांच्या तसबिरी पुष्कळ टिकल्या. ज्या तसबिरींत कागद थेट काचेला भिडला, तिथे कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्याने आपलं काम केलं. काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं, वॉर्निशचा थर मऊ पडतो आणि चित्र काचेला चिकटतं. फोटोचं तर आणखी वाईट. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो फुगून चिकट होतो आणि वाळला की काचेशी एकजीव होतो.

जमिनीवरचा कारागीर

तो अनाम फ्रेमवाला काम कशावर करत होता? बहुतेक ठिकाणी जमिनीवर किंवा दुकानाच्या फळीवर. आपला सुतार मुळात बसून काम करणारा. लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचं, दोन्ही हात मोकळे. इंग्रज प्रवाशांना याचं भारी नवल वाटे. जे. जे. मध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी १८७०च्या आसपास हिंदुस्थानी कारागिरांची अनेक रेखाटनं केली. त्यांतही कारागीर बहुधा बसलेलेच दिसतात. उभं राहून, शिकंज्यात लाकूड आवळून काम करायची युरोपीय रीत आपल्याकडे पसरली ती मुख्यतः रेल्वेच्या कारखान्यांतून आणि तंत्रशाळांतून. मुंबईतली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ ची, बडोद्याचं कलाभवन १८९० चं.

बसून काम करणं मागासलेलं आणि उभं राहून करणं पुढारलेलं, असं मात्र समजू नका. पट्टी कापायला, चुका ठोकायला बैठक उत्तम. शरीर स्थिर राहतं, पाय शिकंज्याचं काम करतात. अडचण येते ती काच आणि कागदाची. जमिनीवर भुसा असतो, पायांची धूळ असते. काचेची कपची कुठे पडली ते दिसत नाही आणि मांडीखाली सापडते. शिवाय मोठी काच बसून उचलली की मधेच लवते आणि तडकते. म्हणून सुताराची बैठक जशीच्या तशी फ्रेमवाल्याला पुरत नाही. त्याला लाकडासाठी एक जागा आणि काच-कागदासाठी दुसरी, अशी गरज असतेच. जागेच्या टंचाईत मुंबईने ती गरज झाकून टाकली, इतकंच.

कोपऱ्याचं गणित

आता जरा लाकडाकडे. फ्रेमच्या चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन टोकं. म्हणजे ४५ अंशांचे आठ काट. समजा, तुमचं टेबल जरा डुगडुगतं आणि त्यामुळे प्रत्येक काट अर्ध्या अंशाने चुकला. अर्धा अंश म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही. पण आठ काटांचा मिळून ४ अंशांचा फरक पडला. तीन कोपरे घट्ट जुळतील आणि सगळी चूक चौथ्यात येईल. पट्टी ४० मिलिमीटर रुंद असेल, तर त्या शेवटच्या कोपऱ्यात जवळजवळ ४ मिलिमीटरची फट. मग ती फट भुसा आणि सरस कालवून भरायची, वर रंगाचा हात. एका पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि भरलेला मसाला गळून पडतो.

टेबलाला पीळ असेल तर आणखी वेगळा त्रास. पिळलेल्या टेबलावर जोडलेली फ्रेम पिळलेलीच होते. ती भिंतीवर सरळ दाबून लावली की आतल्या काचेच्या एका कोपऱ्यावर जोर येतो. मग काच रात्री आपोआप तडकते आणि घरात लोक अपशकुन मानतात. खरा दोष फ्रेमवाल्याच्या टेबलाच्या एका पायाचा.

या काटासाठी २०व्या शतकात एक छान यंत्र रुळलं. डेन्मार्कमधल्या मोर्स बेटावरच्या 'मोर्सो' कंपनीच्या नावाने ते ओळखलं जातं. पायाने दाबायचा पॅडल, वर एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन धारदार पाती. एका दाबात दोन्ही ४५चे काट होतात. या यंत्राची खरी कमाल वेगात नाही. ते करवतीसारखं लाकूड घासत नाही, पटाशीसारखं कापतं. म्हणजे भुसा नाही, नुसते त्रिकोणी तुकडे पडतात. चेन्निनीच्या काळापासून धुळीशी चाललेलं भांडण या यंत्राने जवळजवळ मिटवलं होतं.

आणि मग आपण ते पुन्हा उकरून काढलं! स्वस्त विजेच्या गोल करवती आल्या. एका क्षणात काट, पण पीठासारखा भुसा सगळ्या गाळ्यात. त्यात पट्ट्या लाकडाच्या राहिल्या नाहीत, प्लास्टिकजन्य फोमच्या झाल्या. त्या कापल्या की निघणारे पांढरे कण स्थिर विजेमुळे काचेला चिकटतात. फडक्याने पुसावं तर आणखी चिकटतात. तुमच्या घरच्या नव्या फ्रेममध्ये काचेच्या आतून पांढरे ठिपके दिसत असतील, तर ते कुठून आले हे आता कळलं असेल. करवत आणि काच एकाच टेबलावर होती.

काच मात्र या काळात सुधारली. ब्रिटनमध्ये पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची रीत जाहीर केली. आपल्याकडे १९९०च्या दशकात तळोज्यात अशी फ्लोट काच होऊ लागली. जुन्या काचेतली लाट गेली, बुडबुडे गेले. पण काच जितकी स्वच्छ, तितकी आतली धूळ जास्त दिसते. सुधारणेने फ्रेमवाल्याचं काम सोपं झालं नाही, उलट अवघड झालं.

कागदाचा छुपा शत्रू

इथपर्यंतचे शत्रू डोळ्यांना दिसणारे होते. २०व्या शतकाच्या मध्यात एक न दिसणारा सापडला. आम्ल. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आणि पुठ्ठ्यात ते असतं. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी कागद का कुजतो यावर अनेक वर्षं काम केलं आणि दाखवून दिलं, की आम्ल एका कागदातून त्याला लागून असलेल्या दुसऱ्या कागदात उतरतं. म्हणजे चांगल्या कागदाला वाईट शेजार मिळाला तर तोही जातो. पुढे ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये महापूर आला, हजारो ग्रंथ आणि चित्रं चिखलात गेली. ती वाचवताना जगभरचे तज्ज्ञ एकत्र आले आणि कागद-जतनाच्या विद्येला मोठी गती मिळाली.

आता आपल्याकडची जुनी तसबीर उघडून बघा. मागे काय असतं? खोक्याच्या फळ्या, त्यांवर जुनं वर्तमानपत्र, आणि सगळं खळीने चिकटवलेलं. वर्तमानपत्र म्हणजे आम्लाचं कोठार, खळ म्हणजे कसर आणि झुरळांचं जेवण. जुन्या फ्रेमवाल्यांचा यात दोष नव्हता. त्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि हाताशी तेच होतं. त्यांच्यातल्या कित्येकांचे कोपरे आजही इतके घट्ट आहेत की नख शिरत नाही. पण आज आम्लमुक्त माउंट बाजारात मिळत असताना तेच करत राहिलो, तर तो दोष आपला.

या शोधाने टेबलाचा प्रश्न बदलला. आधी टेबल स्वच्छ हवं होतं ते फ्रेम चांगली दिसावी म्हणून. आता ते स्वच्छ हवं ते आतला कागद जगावा म्हणून. सरसाचा डाग, पॉलिशचं तेल, घामाचा हात, यांतलं जे टेबलावर आहे ते कागदाला लागणार आणि काचेआड बंद होऊन वर्षानुवर्षं काम करत राहणार.

मग टेबल कोणतं?

तर दहा बाय बाराच्या गाळ्यात काय करावं? या सगळ्या इतिहासातून निघणारं उत्तर असं. फ्रेमवाल्याला तीन जागा लागतात: लाकडाची, काचेची आणि कागदाची. टेबलं किती, हा त्यानंतरचा प्रश्न.

जागा असेल तर दोन टेबलं घ्या. लाकडाचं दाराजवळ. ते लहान चालेल, पण जड हवं, भिंतीला किंवा जमिनीला पक्कं. कापायचं यंत्र यावर, आणि शक्य असेल तर कापण्याचं काम दाराबाहेरच्या ओट्यावर. लांब पट्टी कापताना दोन्ही बाजूंना आधार लागतो, तो नसेल तर टोक झुकतं आणि काट चुकतो. म्हणून यंत्राच्या डावी-उजवीकडे त्याच उंचीच्या फळ्या ठेवा.

दुसरं मोठं टेबल आतल्या बाजूला, काच आणि कागदासाठी. माउंटचा पूर्ण तक्ता ३२ बाय ४० इंचांचा येतो, तो मावून चारही बाजूंनी हात टेकायला जागा उरली पाहिजे. सहा बाय चार फूट असेल तर उत्तम. तीन बाजूंनी फिरता यायला हवं. भिंतीला चिकटवलेल्या टेबलावर मोठी काच वळवता येत नाही आणि ती वळवतानाच फुटते. उंची स्वतःच्या अंगावरून ठरवा. सरळ उभं राहून कोपर वाकवा, टेबल त्याच्या जरा खाली यावं. दिवसभर वाकून माउंट कापणाऱ्याची पाठ चाळिशीतच जाते. वर फिक्या रंगाचा सनमायका, म्हणजे धूळ आणि कपची दिसेल. आणि चारही पाय पाणसळ लावून बघा, दोरी तिरपी ताणून पीळ बघा.

काच कापायला खाली मऊ लागतं, म्हणून पुष्कळजण टेबलावर कायमचा नमदा किंवा गालिचा ठोकतात. ते करू नका. हिरकणी फिरवली की काचेचे बारीक कण त्यात रुततात. पुढची काच त्यावर ठेवली की ओरखडा, आणि चित्र ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको. नमदा एका सुट्या फळीवर लावा. काच कापायची तेव्हा फळी टेबलावर, झालं की बाहेर नेऊन झटकायची आणि उभी करून ठेवायची. हेच ते चेन्निनीचे घोडे. मांडले की जागा, उचलले की मोकळी. उरलेली काच आडवी थप्पी लावून ठेवू नका, खाली लाकडी खाचांत उभी ठेवा.

आणि दुसरं टेबल मावतच नसेल तर? मुंबई-पुण्यात बऱ्याच जणांची हीच अडचण. मग जागा वाटता येत नसेल तर वेळ वाटा. सकाळी फक्त लाकूड. दुपारी झाडून, ओल्या फडक्याने पुसून, भुसा बसायला अर्धा-पाऊण तास देऊन मग काच. संध्याकाळी हात धुऊन, टेबलावर कोरा कागद अंथरून फक्त चित्रं बसवायची आणि मागून बंद करायची. त्या वेळेत करवतीला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. जुन्या पॅरिसमध्ये जे काम मधला रस्ता करत होता, ते इथे घड्याळ करेल. दोन टेबलं घेऊन दोन्हीवर सगळंच करणाऱ्यापेक्षा एका टेबलावर ही शिस्त पाळणाऱ्याच्या फ्रेमा चांगल्या निघतील.

जाता जाता, जे दुकान काढणार नाहीत त्यांच्यासाठी. आज घरी एखादी जुनी तसबीर भिंतीवरून उतरवा आणि मागची बाजू बघा. कागद फाटलाय का, ओल धरलीये का, भोकं पडलीयेत का? पुढून माउंटची आतली कडा तपकिरी झालीये का? तशी असेल तर आम्लाने काम सुरू केलंय, पुठ्ठा बदलून घ्या. आणि फोटो काचेला चिकटलेला दिसला, तर कोणी कितीही सांगितलं तरी ओढू नका. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. काचेसकट त्याचा चांगला स्कॅन काढून घ्या आणि कागद-जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात जमिनीवर बसून तसबिरी करणारा जुना कारागीर असेल, तर त्याच्या कामाच्या जागेचं वर्णन आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.